सव्वाबारा इंच

पांझरेच्या पुलाअलीकडे, पंक्चरवाल्याला लागून
माझं दुकान. पाटीवर नुसतं 'दुरुस्ती'.
कशाची, ते परवाना असलेल्याला ठाऊक.

बंदुकीबरोबर माणसं हट्टही आणतात.
रावेरचा केळीवाला म्हणतो, दुर्बीण बसवा, चांगली मोठी,
डुकराच्या भुवया मोजता आल्या पाहिजेत.
डुकराला भुवया असतात का, मी विचारत नाही.
बँकेतला भिकन म्हणतो, पट्टा रुंद करा निंबा बाबा,
आठ तास खांद्यात मुंगूस दात रोवून बसतं.
एकाला दस्त्यावर वाघ कोरून हवा होता.
एकानं दबक्या आवाजात विचारलं, नळी वीतभर कमी होईल?
त्याला चहा पाजला, आणि दार दाखवलं.

मग पौषात, धुळ्याचं पाणीसुद्धा दातांना चावतं तेव्हा,
देसले सर क्लबची रायफल घेऊन आले.
छोटीच, बावीस बोअर,
एकेक गोळी भरायची, एकेकदा बोल्ट ओढायचा.
मागे जसमा पावरा, धडगावकडची,
हातात गणिताच्या वहीचं पान:

बोल्ट डावीकडे पाहिजे, मी डावरी.
दस्ता लांब, गाल पोचत नाही.
चाप बाभळीच्या डिंकासारखा.
पुढची माशी जाड, तिच्यामागे अख्खं निशाण लपतं.
मग एक ओळ खोडलेली. उजेडाकडे धरून वाचली:
सकाळी लोखंड फार गार लागतं.

सुतळीनं माप घेतलं,
कोपराच्या खळीपासून तर्जनीच्या पहिल्या पेरापर्यंत.
सव्वाबारा. रायफल साडेतेराची.

चाळीस वर्षं साडेतेरा हा आकडा
मी कोसासारखा, पायलीसारखा धरून बसलो होतो.
त्या दिवशी पहिल्यांदा वाटलं,
हा साडेतेरा इंचांचा माणूस कोण? कुठल्या गावचा?
त्याच्या हाताला सुतळी कुणी लावली,
आणि आम्ही बाकीचे सगळे
त्याच्याएवढं व्हायला माना का ताणत राहिलो?

बोल्ट इकडचा तिकडे होत नाही, पोरी, मी म्हटलं,
तो कारखान्यातूनच उजवा जन्मतो.
वसतिगृहात शिकलेल्या अहिराणीत ती म्हणाली,
'मंग मी वरथून हात लई जासू.'
आणि करून दाखवलं, बाकावर पालथी पडून,
झोपलेल्या भावंडावरून हात नेऊन
तांब्या उचलावा तसं.
भावंड जागं झालं नाही.

दस्ता कापला. अक्रोडाचं लाकूड,
आत कुणाकुणाच्या खांद्यांचा घाम मुरलेला,
करवतीला आंबूस वास आला.
कापलेला तुकडा फेकवेना.
हाड वाढतं. पाव-पाव इंचाच्या चकत्या पाडल्या,
पाच व्हायला हव्या होत्या,
करवतीनं खाल्लं ते जाऊन चार भरल्या.
भोकं पाडून, तेल लावून
बिस्किटाच्या डब्यात ठेवल्या, वर लिहिलं: पावरा.

चाप घासला. माशी तासली.
गालाखाली चपलेच्या कारागिराकडून चामड्याची उशी.
शेवटी बोल्टच्या मुठीवर सागाची टोपी चढवली,
बोराएवढी.
बिलात ती ओळ लिहिली नाही,
खोडलेल्या गोष्टीचे पैसे कसे लावणार?

केळीवाला पुन्हा आला, आणखी मोठी दुर्बीण हवी म्हणून.
वाघवाल्याला आता वाघाशेजारी नावही हवं होतं.
उन्हाळा गेला. लळिंगकडचा डोंगर हिरवा झाला, परत तांबडा.

माघात एके दिवशी ती दारात,
खांद्यावर क्लबची पेटी, मागे सर सायकल लावत होते.
किती गुण पडतात, मी विचारलं नाही.
तिच्या स्वेटरची बाही मनगटाच्या
दोन बोटं वर सरकली होती.

'निंबा बाबा,' ती म्हणाली, 'एक तुकडा बसाडी द्या.'

डबा कुठे ठेवला ते आठवेना.
किसणीमागे, तेलाच्या बाटल्यांमागे हात घालत राहिलो,
आणि ती तिथेच उभी,
डावा हात सरळ लांब धरून,
माप घ्यायला.